जिभेनं मोजलेले दात

पहिलीच्या वर्गात गेले की मी मुलांना आधी तोंड मिटायला सांगते. तोंड मिटून आतल्या आत जिभेनं दात मोजायचे, बोट लावायचं नाही. गाल इकडून तिकडे फुगत राहतात, डोळे छताकडे जातात आणि मग एकेक आकडा यायला लागतो. अठरा. बावीस. कुणीतरी एकदम शंभर. आकडा बरोबर यावा अशी माझी अपेक्षाच नसते. मला त्यांची जीभ अगदी शेवटच्या दातापर्यंत पोचायला हवी असते.

कारण तिथे, सगळ्यात मागे, साधारण सहाव्या वर्षी एक नवी दाढ येते. ती येताना दुधाचा कुठलाच दात पडत नाही, रक्त येत नाही, कौलावर फेकायला हाती काही लागत नाही. वीस दुधाच्या दातांच्या मागे जी मोकळी हिरडी असते, तिथून ती वर येते आणि घरात कुणाला पत्ताही नसतो. कळलं तरी ‘दुधाचीच आहे, पडेल आणि नवी येईल’ म्हणून सोडून देतात. ही दाढ गेली की तिच्या जागी दुसरी येत नाही. वर यायला तिला काही महिने लागतात, तोवर ती शेजारच्या दातांपेक्षा बुटकी असते आणि ब्रश तिच्यावरून नुसता निघून जातो. वरच्या बाजूला खोल चिरा, त्यात अन्न अडकून राहतं. दहा-बारा वर्षांच्या मुलांची कायमची दाढ काढायची वेळ येते तेव्हा बहुतेक वेळा ती हीच असते. आई शेजारी उभी असते आणि विचारते, “पण ही तर दुधाची ना?”

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा दातांचा दवाखाना आहे. आजूबाजूला ऊस, दोन-दोन शिक्षकांच्या जिल्हा परिषदेच्या शाळा. शनिवारी सकाळची शाळा असते, त्या दिवशी मी यातल्या कुठल्या तरी शाळेत जाते. २०२४ मध्ये सरकारनं ‘आनंददायी शनिवार’, म्हणजे शनिवारी खेळ-उपक्रमांतून शिकायचा कार्यक्रम, आणला, तेव्हापासून तर शिक्षक आपणहून फोन करतात.

दातांची माहिती मुलांना नाही, असं अजिबात नाही. “दात किती वेळा घासायचे?” विचारलं की अख्खा वर्ग एका सुरात “दोन वेळा!” म्हणतो. चॉकलेटनं दात किडतात हे अंगणवाडीतल्या पोरालाही ठाऊक असतं. तरीही देशभरातली जी मोठी दंत-पाहणी २००२-०३ मध्ये झाली, तिच्यात पाच वर्षांच्या मुलांपैकी ५१.९ टक्के आणि बारा वर्षांच्यांपैकी ५३.८ टक्के मुलांच्या दातांना कीड सापडली होती. म्हणजे निम्म्याहून जास्त. उत्तर पाठ असणं आणि हाताला सवय असणं यांच्यात फार अंतर आहे. ते अंतर भाषणानं कापलं जात नाही, खेळानं थोडंफार कापलं जातं. मात्र खेळ म्हणजे त्याच भाषणाला फासा जोडून दिलेला नसावा. मुलाच्या जिभेला, बोटांना, डोळ्यांना आधी माहीत नव्हतं असं काहीतरी त्यात कळलं पाहिजे.

चौथी-पाचवीसाठी माझ्याकडे लाल रंगाचा खेळ आहे. दातांवरचा थर दाखवणाऱ्या गोळ्या मिळतात. त्यांत बहुधा एरिथ्रोसिन हा रंग असतो, खाण्याच्या पदार्थांत घालायला परवानगी असलेला. गोळी चावायची, लाळ तोंडभर फिरवायची आणि थुंकायचं. दातावर जिथे जंतूंचा चिकट थर बसलेला असतो तिथे रंग धरून राहतो, स्वच्छ जागेवरून निघून जातो. गोळ्या संपल्या असतील तर बीटाची फोड चावायला दिली तरी काम भागतं, रंग जरा फिका बसतो इतकंच.

या खेळाला माझी एकच अट असते. पहिली गोळी सर खाणार. शिक्षकांनी आजवर ही अट आनंदानं मानली आहे, आणि याबद्दल मला त्यांचं फार कौतुक वाटतं. सर खुर्चीत बसून आ करतात, मुलं चारी बाजूंनी गोळा होतात. “सर, आतल्या बाजूनं लय लाल हाय!” मग माझी पाळी. सकाळी नीट ब्रश करून आलेल्या डॉक्टरांच्याही खालच्या पुढच्या दातांमागे लाल पट्टी निघते. एवढं झालं की कुणालाच तोंड उघडायला संकोच वाटत नाही. जोड्या पाडायच्या, प्रत्येक जोडीला एक छोटा आरसा. वहीत वरच्या आणि खालच्या दातांच्या दोन कमानी काढायच्या आणि जोडीदाराच्या तोंडात जिथे लाल दिसेल तिथे लाल पेन्सिल फिरवायची. चित्र पूर्ण झालं की ब्रश हातात घ्यायचा आणि लाल घालवायचं.

इथे मी गप्प बसते. मुलं सवयीप्रमाणे करवत चालवल्यासारखा ब्रश मागे-पुढे ओढतात. दाताचा मधला भाग लगेच पांढरा होतो, पण हिरडीलगतची लाल रेघ तशीच राहते. पुन्हा ओढतात, तरी तशीच. एका मुलीनं मग ब्रश तिरका धरला, निम्मे केस हिरडीवर आणि निम्मे दातावर, आणि जागच्या जागी बारीक गोल फिरवला. रेघ गेली. ती आरशातून मान न वळवताच शेजारणीला म्हणाली, “असा धर गं, असा धरला की निघतंय.” पाच मिनिटांत ही बातमी रांगेच्या टोकापर्यंत पोचली होती. दंतवैद्यकाच्या पुस्तकात या पद्धतीची आकृती असते, कोन लिहिलेला असतो. मुलीला कोन सांगावा लागला नाही.

लाल रंग सगळ्यांच्या दातावर निघतो, म्हणून मला तो आवडतो. कारण दातांच्या बाबतीत मुलांच्या मनात सर्वांत घट्ट बसलेली गोष्ट असते ती लाज. हसताना तोंडावर हात नेणारं एक तरी मूल प्रत्येक वर्गात असतं. वरच्या पुढच्या चार दातांचे नुसते काळे खुंट उरलेले असतात. लहानपणी रात्री साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवलं, त्याचा हा परिणाम. त्यात त्या मुलाचा काय दोष? आणि वर्गातली पोरं त्याला जे नाव ठेवतात ते इथे लिहावंसंही वाटत नाही. म्हणून ‘सुंदर दात स्पर्धा’, ‘सर्वोत्तम हास्य’ असले कार्यक्रम शाळांनी करू नयेत, असं माझं ठाम मत आहे. बक्षीस त्यालाच मिळतं ज्याचं आधीपासून बरं चाललंय, आणि ज्याला आपली सर्वाधिक गरज आहे ते मूल त्या दिवशी शाळेलाच येत नाही. दातांच्या राक्षसाचे मुखवटे घालून लहानांना घाबरवणंही तसंच. भ्यालेलं मूल दवाखान्याच्या खुर्चीत तोंड उघडत नाही, हे मी रोज पाहते.

याच कारणानं मला सापशिडी नव्यानं मांडावी लागली. सापशिडी आपल्याकडे मुळात शिकवण्यासाठीच होती. मोक्षपट म्हणायचे तिला, आणि परंपरा तिचं नातं थेट ज्ञानेश्वरांशी जोडते. शिड्या सद्गुणांच्या, साप दुर्गुणांचे, आणि वर पोचलं की मोक्ष. दातांची सापशिडी बऱ्याच शिबिरांत वापरतात. तिच्यात सापाच्या तोंडाशी ‘चॉकलेट खाल्ले’ आणि शेपटीशी ‘दात किडला’ असं छापलेलं असतं. खेळ म्हणून छान आहे, पण किडका दात हे पापाचं फळ असल्यासारखं होतं. ज्याचा दात खरोखर किडलेला आहे ते मूल त्या घरात येऊन उभं राहतं तेव्हा आजूबाजूची हसतात.

आमच्या पटावर सापाच्या शेपटीपाशी नेहमी एक छोटी शिडी असते. खाली आलात तरी पुढच्या फेरीत वर जायला वाट असते, आणि तिच्यावर ‘दवाखान्यात दाखवले’ लिहिलेलं असतं. पट छापील नसतो. मैदानावर फक्कीनं चौकोन आखायचे, खोक्याचा फासा करायचा आणि सोंगट्या म्हणजे मुलं स्वतः. साप आणि शिड्यांवर काय लिहायचं हेही मुलांनीच ठरवायचं, आणि खेळाचा सगळ्यात मोलाचा भाग मला तोच वाटतो. कारण मग जे साप निघतात ते माझ्या डोक्यात कधीच आले नसते. ‘शेतावरून उशिरा आलो, तसाच झोपलो.’ ‘पेस्ट संपली, पप्पा बाजारला गेले नाहीत.’ ‘आजीनं चहाबरोबर बिस्कीट दिलं, मग झोप लागली.’ एका शाळेत तिघांनी वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर एकच गोष्ट लिहिली होती, की घरात ब्रश एकच आहे आणि सगळी भावंडं तोच वापरतात. त्या शाळेत मी पुढच्या खेपेला काय घेऊन गेले हे सांगायला नकोच.

आता मैदानावरच आहोत तर ‘किल्ला’ सांगते. हा आमचा सगळ्यात दंग्याचा खेळ. दहा-बारा मुलं हात धरून गोल उभी राहतात, तोंड बाहेर. तो किल्ला, म्हणजे दाताचं वरचं कठीण कवच. बाहेर पाच-सहा जण जंतू. आत तिघं-चौघं लाळ. मी शिट्टी वाजवून “खाऊ!” ओरडले की जंतूंनी वीस आकडे होईपर्यंत धावून शिवायचं. ज्याला शिवलं तो खाली बसला, तिथला दगड निखळला. वीस झाले की जंतू जागच्या जागी थांबणार आणि लाळ कामाला लागणार. एकेका बसलेल्याजवळ जाऊन दहा म्हणायचे आणि त्याला उठवायचं.

पहिल्या डावात मी तीनदाच “खाऊ!” म्हणते, मध्ये भरपूर वेळ सोडून. किल्ला शाबूत राहतो. दुसऱ्या डावात वीस आकड्यांचे तुकडे पाडते. पाच आकड्यांचा खाऊ, थोडं थांबून पुन्हा पाच, पुन्हा पाच. लाळवाल्यांची त्रेधा उडते, एकाला उठवेपर्यंत दोघं बसतात, आणि बघता बघता सगळा किल्ला जमिनीवर. मग धापा टाकत बसलेल्या मुलांना विचारायचं, दुसऱ्या डावात खाऊ जास्त होता का? बेरीज करून पाहतात. दोन्हीकडे साठच.

तोंडात खरोखर हेच घडतं. या जंतूंमधला मुख्य आरोपी, स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स, क्लार्क या संशोधकानं १९२४ मध्ये वर्णन करून ठेवला. साखर मिळाली की हे जंतू काही मिनिटांत आम्ल तयार करतात. दातालगतचा सामू, म्हणजे आम्लता मोजायचा आकडा (तो जितका कमी तितकी आम्लता जास्त), साडेपाचच्या खाली गेला की कवचातली खनिजं विरघळायला लागतात. लाळ ते आम्ल पुसते, गेलेलं थोडं खनिज परत बसवते, पण तिला साधारण अर्धा तास किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे महत्त्वाचं. खिशात गोळ्या ठेवून तासातासाला एक चघळणारं मूल सणाला ताटभर पुरणपोळी खाणाऱ्यापेक्षा जास्त धोक्यात असतं.

हे आपल्याला ज्या मार्गानं कळलं तो आठवला की मन खट्टू होतं. स्वीडनमध्ये विपेहोल्म इथं मतिमंद माणसांची एक मोठी संस्था होती. १९४७ पासून पुढची काही वर्षं तिथल्या लोकांना मुद्दाम वेगवेगळ्या प्रकारे साखर देऊन पाहिलं गेलं. काहींना दिवसभर, जेवणांच्या मध्ये, दाताला चिकटणारी टॉफी दिली. त्यांचे दात गेले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. १९५४ मध्ये निष्कर्ष छापून आले आणि सगळ्या जगाची समज बदलली. पुढे स्वीडनमध्ये मुलांना गोड खाऊ फक्त शनिवारी द्यायची रीत पडली, ती आजही आहे. त्या माणसांची गोष्ट मी पाचवीच्या मुलांना सांगत नाही, त्यांच्या शिक्षकांना मात्र सांगते. मुलांना शनिवारच्या खाऊबद्दल सांगते. लगेच प्रश्न येतो, “मॅडम, मग चहा-बिस्कीट?” सकाळी कामावर जाणाऱ्या आईनं पाच रुपयांचा पुडा हातात ठेवलेला असतो, तेवढाच नाश्ता असतो. त्याला मी नाही म्हणत नाही. एकदाच बसून खा, चघळत फिरू नका आणि वर पाणी प्या, एवढंच म्हणते.

ब्रशचा वेळ दोन मिनिटं असावा हे सांगून उपयोग नसतो, कारण दोन मिनिटं म्हणजे किती हे लहान मुलाला कळत नाही. आम्ही पाढे लावले. तोंडाचे सहा भाग करायचे: वर तीन, खाली तीन. एकानं ब्रश करायचा आणि जोडीदारानं सावकाश पाढे म्हणायचे. बेचा पाढा होईपर्यंत वरची उजवी बाजू, तीनचा पाढा वरचे पुढचे, असं करत सातच्या पाढ्याला खालची शेवटची बाजू. सहा पाढे म्हणजे जवळपास दोन मिनिटं होतात. जोडीदार सातच्या पाढ्यात अडखळला की ब्रशवाल्याला आणखी घासावं लागतं, त्यामुळे ब्रशवाला डोळे वटारतो. फेस थुंकायचा, पण पाण्यानं खळखळून चूळ भरायची नाही, नाहीतर पेस्टमधलं दात बळकट करणारं फ्लोराइड वाहून जातं. हे मात्र मोठ्यांना पटवणं अवघड जातं, आपल्याला लहानपणापासून चूळ भरायलाच शिकवलेलं असतं. पेस्ट वाटाण्याएवढी पुरते. जाहिरातीत ब्रशभर नागमोडी दाखवतात तेवढी नको. आणि सात-आठ वर्षांपर्यंत शेवटचा हात मोठ्या माणसानंच फिरवायला हवा, लहान बोटांना मागच्या दाढांपर्यंत नीट जमत नाही.

खेळातून चांगलंच शिकतात असंही नाही. एका शाळेच्या आवारात मधल्या सुट्टीत मुली भातुकली खेळत होत्या. एकीनं विटेचा तुकडा दगडावर घासून लाल भुकटी केली, डाव्या तळव्यावर घेतली आणि उजव्या हाताच्या बोटानं दातांवरून फिरवली. डोळे अर्धवट मिटून, ओठ पुढे काढून, हुबेहूब. ती आई झाली होती आणि मिश्री लावत होती. तंबाखू तव्यावर भाजून, कुटून केलेली मिश्री आमच्या भागातल्या कितीतरी बायका दिवसातून दोन-तीनदा लावतात. दात दुखला की पोरांच्या दातालाही लावतात. तिनं ठणका थोडा वेळ बधिर होतो आणि तलफ लागते ती जन्माची. त्या मुलीला मी काही बोलले नाही. पुढच्या शनिवारी चार ब्रश आणि एक आरसा भातुकलीच्या सामानात ठेवून आले. त्यांच्या घरातली आई आता ब्रशही करते, असं बाई सांगतात. खरी आई मिश्री सोडेल का, हा फार मोठा प्रश्न आहे. पण तिच्याशी बोलायला मी आरोग्य केंद्रात जाते, मुलीच्या खांद्यावर ते ओझं देत नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी पोरं गोड सुपारीच्या पुड्या सर्रास खातात, घरचेही हसून देतात. सुपारीनं तोंड आखडत जातं. एकदा आखडलं की पूर्वीसारखं उघडत नाही.

या खेळांचा असर किती टिकतो? शनिवारी खेळलेला खेळ मुलं विसरत नाहीत, पण दात मात्र पुन्हा लाल व्हायला लागतात. माहिती राहते, सवय सुटते. २०२३ मध्ये राज्यात ‘स्वच्छ मुख अभियान’ आलं, सचिन तेंडुलकर त्याचा चेहरा झाला, त्याचं नाव काढलं की आजही वर्गात उत्साह येतो. पण उत्साहाला रोजचा नळ हवा. फिलिपिन्समध्ये ‘फिट फॉर स्कूल’ नावाचा कार्यक्रम आहे. त्यात मुलं शाळेतच, रोज, सगळ्यांबरोबर हात धुतात आणि फ्लोराइडच्या पेस्टनं दात घासतात, आणि हे करून घेणारे शिक्षकच असतात, डॉक्टरची वाट पाहत नाहीत. आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला, त्याचं पथक वर्षातून एकदा शाळेत येऊन दातही तपासतं. तपासणी हवीच. मधल्या दिवसांचं काय, हा प्रश्न उरतो.

इथल्या एका शाळेनं तो आपल्या परीनं सोडवला. खिचडी खाऊन झाली की नळापाशी रांग लागते. भिंतीवर खिळे मारून प्रत्येकाचा ब्रश नावानिशी टांगलेला, एकमेकांना टेकणार नाही इतक्या अंतरावर. पेस्ट चौथीची मुलं वाटतात, पाढेही तेच म्हणतात. सर म्हणतात, दातांचं डॉक्टर बघतील, पण पाढे पक्के झालेत.

याच चौथीच्या मुलांबरोबर सध्या एक नवा खेळ तयार करतेय. खो-खो, कबड्डीच्या दिवसांत दरवर्षी एखाद्याचा पुढचा कायमचा दात पडून हातात येतो, आणि तो कागदात गुंडाळून दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आणतात. तोवर त्याच्या मुळावरच्या पेशी मेलेल्या असतात. दात लगेच उचलायचा, मुळाला हात न लावता वरच्या पांढऱ्या भागाला धरून. घासायचा नाही. माती लागली असेल तर पाण्याखाली क्षणभर धरायचा. जमलं तर तिथल्या तिथे जागेवर बसवायचा, नाहीतर दुधाच्या पेल्यात टाकून अर्ध्या तासात दवाखाना गाठायचा. दुधाचा दात असेल तर परत बसवायचा नाही. याची रिले शर्यत करायची आहे, खडूच्या तुकड्याचा दात घेऊन. नियम मुलंच ठरवताहेत. पहिला लिहून झाला: पडला त्याला कुणी हसायचं नाही. दुसऱ्यावर अजून वाद चालू आहे. शाळेत दूध नसतं, तेव्हा शाळेजवळच्या कुणाच्या घरून आणायचं आणि तिथवर सगळ्यात जोरात कोण पळतं, याचा.